घरभेदी की जागल्या?



आपल्या गावगाड्यात पूर्वी जागल्या असे. गाव झोपला की हा हातात काठी घेऊन गल्लीबोळांतून फिरायचा, आणि कुठे काही काळेबेरे दिसले की हाळी द्यायचा. आता असे समजा, की एका रात्री त्याला दिसले ते हे, की घरफोडीची तयारी खुद्द पाटलाच्या वाड्यातच चालली आहे. जागल्या तर पाटलाच्याच हुकुमातला. त्याने हाळी द्यावी, की मान खाली घालून पुढे जावे? हाळी दिली तर वाडा त्याला घरभेदी म्हणणार. नाही दिली तर जागल्या म्हणवून घेण्यात अर्थ राहिला नाही.

सरकारच्या किंवा संस्थेच्या आत चाललेले गैर बाहेर सांगणाऱ्या माणसाला हल्ली आपल्या मराठी वर्तमानपत्रांत ‘जागल्या’ म्हणतात. शब्द चांगला निवडला आहे. आज अशाच एका जागल्याच्या, खरे म्हणजे एका तरुण बाईच्या, गोष्टीवर निघालेल्या चित्रपटाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. चित्रपट इंग्रजी आहे, नाव ‘ऑफिशियल सीक्रेट्स’, म्हणजे ‘सरकारी गुपिते’. तो २०१९ साली पडद्यावर आला. दिग्दर्शक गॅव्हिन हूड हे दक्षिण आफ्रिकेचे, आणि मूळचे कायद्याचे विद्यार्थी. गोष्ट कल्पित नाही. इंग्लंडात २००३ आणि २००४ या दोन सालांत घडलेली आहे.

इंग्लंडच्या पश्चिम भागात चेल्टनहॅम नावाचे गाव आहे. तिथे ब्रिटिश सरकारची एक मोठी कचेरी आहे, तिला थोडक्यात जी. सी. एच. क्यू. म्हणतात. परमुलखातले दूरध्वनी, तारा, संदेश चोरून ऐकायचे, त्यांची उकल करायची आणि सरकारला कळवायचे, हे तिचे काम. हे काम मुळातच वाईट, असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची सांकेतिक लिपी उलगडणारी मंडळी याच खात्याच्या पूर्वजांपैकी, आणि त्यांच्या कामाने असंख्य माणसांचे प्राण वाचले. शत्रू काय करतो आहे हे कान लावून ऐकणे, हा राज्यकारभाराचाच एक भाग आहे. शिवाजीमहाराजांच्या बहिर्जी नाइकांचे नाव आपण आदराने घेतो, ते उगीच नव्हे.

या कचेरीत कॅथरिन गन नावाची तरुणी चिनी भाषेची भाषांतरकार होती. तिचे बालपण तैवानात गेले, म्हणून ती भाषा तिला चांगली अवगत. ३१ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतून, म्हणजे एन. एस. ए.मधून, एक पत्र संगणकावरून या कचेरीत आले. फ्रँक कोझा नावाच्या अधिकाऱ्याच्या सहीचे ते पत्र कॅथरिनच्याही वाचनात आले. आणि सगळी गोष्ट त्या एका पत्रापासून सुरू होते.

त्या पत्रात काय होते, हे समजायला थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीचे १५ सभासद असतात. पाच कायमचे, दहा निवडून आलेले. ठराव संमत व्हायला नऊ मते लागतात, आणि कायमच्या पाचांपैकी कोणी विरोधी मत देता कामा नये. इराकवर चढाई करण्याचे अमेरिकेने आणि ब्रिटनने मनात आणले होते. इराकपाशी सर्वसंहारक अस्त्रे आहेत असे त्यांचे म्हणणे. पण चढाईला कायद्याचा आधार हवा, म्हणून सुरक्षा समितीचा नवा ठराव हवा, आणि त्यासाठी नऊ मते हवीत. काही लहान राष्ट्रांनी आपले मत अजून सांगितले नव्हते. तेव्हा अंगोला, कॅमेरून, चिली, बल्गेरिया, गिनी या राष्ट्रांच्या प्रतिनिधींवर, शिवाय पाकिस्तानवरही, पाळत वाढवायची होती. कचेरीतले आणि घरचेही दूरध्वनी ऐकायचे, पत्रव्यवहार वाचायचा, आणि त्यातून ज्याचा उपयोग करून मते वळवता येतील असे काही हाती लागते का ते पाहायचे. त्यासाठी ब्रिटिश कचेरीने मदत करावी, अशी ही मागणी होती.

वाचकहो, इथे नीट लक्ष द्या. ही राष्ट्रे शत्रू नव्हती. त्यांचे प्रतिनिधी कोणते कटकारस्थान करत नव्हते. ग्रामपंचायतीत ठराव यायचा आहे, आणि ज्या चार सभासदांनी मत ठरवलेले नाही त्यांच्या घराच्या भिंतीला कान लावून सरपंचाने त्यांची दुखती नस शोधावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे ठराव रस्त्याचा नव्हता, युद्धाचा होता.

चित्रपटात कॅथरिनचे काम केरा नाइटली या नटीने केले आहे. पत्र वाचल्यावर ती मोठे भाषण करत नाही. ती अस्वस्थ होते. घरी दूरचित्रवाणीवर पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची मुलाखत चालू असताना पडद्याकडे पाहून चिडून बोलते, जसे आपल्यापैकी पुष्कळजण बोलतात. मग एके दिवशी त्या पत्राची एक प्रत छापून घेते, घडी करून पिशवीत टाकते, आणि दारावरच्या पहारेकऱ्यासमोरून बाहेर पडते. एक कागद, एवढेच. बंदूक नाही, पाठलाग नाही. पण तो दाराचा प्रसंग पाहताना आपला श्वास अडकतो.

तो कागद एका मैत्रिणीच्या हातून वार्ताहरांपर्यंत गेला, आणि कित्येक दिवस काहीच घडले नाही. अखेर रविवार २ मार्च २००३ रोजी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिक पत्राने तो पहिल्या पानावर छापला. यात एक मोठी गोष्ट आहे, ती सुटू नये. या पत्राने आपल्या अग्रलेखात युद्धाची बाजू घेतली होती. तरीही आपल्या मताविरुद्ध जाणारी बातमी त्याने दडपली नाही. छापण्यापूर्वी वार्ताहरांनी अमेरिकेत दूरध्वनी लावून, या नावाचा अधिकारी त्या कचेरीत खरोखर आहे का, याचीही खात्री करून घेतली. बातमी म्हणजे वावडी नव्हे, हा धडा चित्रपटाच्या मधल्या भागात उत्तम दाखवला आहे.

आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आता तुमच्या जिव्हाळ्याचा प्रसंग ऐका. मूळ पत्र अमेरिकन माणसाचे, म्हणून त्यातली शुद्धलेखनाची धाटणी अमेरिकन होती. ‘फेव्हरेबल’ या शब्दात इंग्रज माणूस ‘यू’ हे अक्षर घालतो, अमेरिकन माणूस घालत नाही. पत्र छापण्यासाठी उतरवून घेताना वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या एका कर्मचाऱ्याने सवयीने ती अक्षरे इंग्रजी पद्धतीने ‘सुधारली’. झाले! अमेरिकेत लगेच ओरड उठली, की अमेरिकन अधिकारी असे लिहीलच कसा? पत्र बनावट आहे! तिथल्या दूरचित्रवाणी केंद्रांनी वार्ताहराच्या ठरलेल्या मुलाखती रद्द केल्या. खरे पत्र एका अक्षराच्या अतिशुद्धतेपायी खोटे ठरू लागले. पुरावा जसा असेल तसाच ठेवावा, त्यातली चूकसुद्धा सुधारू नये, हे इतिहासाच्या शिक्षकाने वर्गात सांगावे असे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

इकडे चेल्टनहॅमला चौकशी सुरू झाली. ज्यांनी ज्यांनी पत्र पाहिले असेल त्या सर्वांना एकेक करून बोलावले. पहिल्या चौकशीत कॅथरिननेही ‘मी नाही’ असेच सांगितले. ती काही पुराणातली देवी नव्हे; तिला भीती वाटली. पण आपल्या एका कृत्यामुळे बरोबरीचे निरपराध लोक संशयाखाली भरडले जात आहेत, हे तिला सोसवेना. थोड्याच दिवसांत ती आपल्या वरिष्ठ बाईंकडे गेली आणि म्हणाली, ते काम माझे.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. गुपित फोडणारे पुष्कळ असतात. कोणी पैशासाठी फोडतो, कोणी सुडासाठी, कोणी नावासाठी. ते फोडून हात झटकतात, आणि शिक्षा दुसऱ्याला होते. कॅथरिनने पैसा घेतला नाही, नाव पुढे केले नाही, आणि दुसऱ्यावर बालंट येते आहे असे दिसताच स्वतः पुढे झाली. घरभेदी कोण आणि जागल्या कोण, हे ओळखायची खूण यात मिळते. घरभेद्याला अंधार हवा असतो. जागल्या हाळी देतो ती आपल्याच आवाजात.

तिला अटक झाली, एक रात्र कोठडीत काढावी लागली, नोकरी गेली. पोलिसांच्या चौकशीचा प्रसंग चित्रपटात फार संयमाने घेतला आहे. तिला विचारतात, तू ब्रिटिश सरकारची नोकर ना? ती म्हणते, सरकारे येतात आणि जातात. मी ब्रिटिश जनतेची नोकर. जनतेचे रक्षण व्हावे म्हणून मी माहिती गोळा करते, सरकारने जनतेशी खोटे बोलावे म्हणून नव्हे.

यावर तुम्ही म्हणाल, की बोलायला ठीक आहे. पण कायदा काय म्हणतो? कायदा तिच्या विरुद्ध होता, अगदी स्पष्ट विरुद्ध. त्याचीही एक कथा आहे. क्लाइव्ह पाँटिंग नावाच्या संरक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याने १९८४ साली, फॉकलंड युद्धात बुडवलेल्या ‘बेल्ग्रानो’ या जहाजासंबंधीचे कागद पार्लमेंटच्या एका सभासदाला पाठवले. खटला झाला. त्याचे म्हणणे, लोकहितासाठी केले. न्यायाधीश म्हणाले, लोकहित म्हणजे त्या वेळचे सरकार सांगेल ते. पण पंचमंडळी होती साधी माणसे. त्यांनी १९८५ च्या फेब्रुवारीत त्याला निर्दोष सोडले. सरकारने धडा घेतला तो असा, की १९८९ साली नवा गुप्तता कायदा केला, आणि त्यात लोकहिताच्या बचावाला जागाच ठेवली नाही. याच कायद्याखाली १३ नोव्हेंबर २००३ रोजी कॅथरिनवर आरोप ठेवला गेला. दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकत होती. कायदा असा कडक, की आपल्या वकिलाशी कामाबद्दल बोलणेसुद्धा नवा गुन्हा ठरेल, असे तिला बजावण्यात आले होते. चित्रपटात तिचा नवरा, तो तुर्कस्तानातून आलेला, त्यालाही देशाबाहेर घालवण्याची तयारी होते. एका माणसाने तोंड उघडले की घरातल्या साऱ्यांना किंमत मोजावी लागते, हे पाहताना पोटात कालवते.

तिचे वकील बेन एमर्सन यांनी, ही भूमिका राल्फ फाइन्स यांनी केली आहे, एक निराळाच डाव टाकला. ते म्हणाले, बेकायदा युद्धात जाणारे प्राण वाचवण्यासाठी तिने हे केले, गरज म्हणून केले. तेव्हा युद्ध कायदेशीर होते की नव्हते, हे ठरवावे लागेल. आणि त्यासाठी सरकारच्या मुख्य कायदे-सल्लागाराने, ॲटर्नी-जनरलने, पंतप्रधानांना काय सल्ला दिला होता तो कागद न्यायालयापुढे आणा. आता गुपित मागण्याची पाळी आरोपीची आली!

२५ फेब्रुवारी २००४ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. गुन्हा कबूल नाही म्हणाली. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, आम्हांला पुरावा सादर करायचा नाही. अर्ध्या तासात खटला संपला. ज्या बाईने स्वतः कबुली दिली होती, तिच्याविरुद्ध पुरावा नाही! शिक्षा होण्याइतका पुरावा नाही, असे कारण सरकारपक्षाने दिले. तो सल्ल्याचा कागद उघडा पडू नये म्हणून माघार घेतली, असे बचावपक्षाला वाटले. सरकारी अभियोग खात्याच्या तेव्हाच्या प्रमुखांनी पुढे हे नाकारले. पण ७ मार्च २००३ चा तो सल्ला २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाला कळले, की नवा ठराव मिळवणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, असे खुद्द सल्लागारानेच त्यात लिहिले होते.

आणि युद्ध? ते थांबले नाही. नवा ठराव मताला टाकलाच नाही, आणि २० मार्च २००३ रोजी चढाई सुरू झाली. सर्वसंहारक अस्त्रे सापडली नाहीत. इंग्लंडातच नेमलेल्या चिल्कट समितीने जुलै २०१६ मध्ये अहवाल दिला, की शांततेचे मार्ग संपलेले नसतानाच युद्धात उडी घेतली गेली. मग कॅथरिनने काय साधले, असा प्रश्न मनात येतो. दिग्दर्शकाने त्याचे खोटे समाधान दिलेले नाही. शेवटी खऱ्या कॅथरिन गनचे त्या दिवशीचे चित्रण तो दाखवतो, आणि विजयाचा नगारा न वाजवता चित्रपट संपवतो. हाळी दिली म्हणून चोरी टळतेच असे नाही. पण हाळी दिलेली असली, म्हणजे सकाळी ‘आम्हांला कुणी सांगितलेच नाही’ असे म्हणण्याची सोय राहत नाही.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक कारकून आपल्याला पटले नाही की कागद बाहेर नेऊ लागला, तर राज्य चालेल कसे? सैन्याच्या हालचाली, हेरांची नावे, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकासुद्धा गुप्तच राहिल्या पाहिजेत. हा आक्षेप खरा आहे. कॅथरिनने हे आधी वरिष्ठांकडे का नेले नाही, हे विचारणेही रास्त आहे. पण मागणी मोठ्या कचेरीकडून मोठ्या कचेरीला आलेली, आणि युद्ध काही आठवड्यांवर येऊन ठेपलेले. तिने कपाटेच्या कपाटे रिकामी केली नाहीत. एकच कागद नेला, आणि तोही ज्यात एका माणसाचे नव्हे, हजारोंचे मरण गुंतले होते. गुपित कशासाठी राखायचे, हे पाहिले पाहिजे. लोकांचे रक्षण व्हावे म्हणून राखलेले गुपित वेगळे. लोकांना फसवता यावे म्हणून राखलेले वेगळे.

आपल्या महाभारतात याचे उदाहरण आहे. विदुर हा हस्तिनापूरच्या दरबारचा मंत्री. वारणावतात लाखेचे घर बांधून पांडवांना जाळण्याचा बेत दुर्योधनाने केला, तो त्याच्या ध्यानात आला. निघताना त्याने युधिष्ठिराला गूढ भाषेत सावध केले, आणि मागाहून भुयार खणणारा माणूसही पाठवला. दरबारचे गुपित त्याने फोडले, हे खरेच. पण विदुराला घरभेदी म्हणणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. त्याची निष्ठा सिंहासनावर बसलेल्या माणसाशी नव्हती, त्या राज्याच्या धर्माशी होती.

आपल्या देशातही गुप्तता कायदा आहे, १९२३ सालचा, इंग्रजांच्या राजवटीतला. परक्या सरकारने प्रजेपासून कागद लपवायचे, या काळातला तो. त्याच्या जोडीला २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. महाराष्ट्राने तर आपला कायदा त्याच्याही आधी केला होता. माहिती उघड करण्यातले लोकहित हे ती लपवण्यातल्या नुकसानापेक्षा मोठे असेल, तर १९२३ चा कायदा आड न येता ती देता येते, असे त्या २००५ च्या कायद्यात म्हटले आहे. इंग्लंडच्या १९८९ च्या कायद्याने जे दार लावले, ते इथे निदान किलकिले आहे. मात्र हाळी देणाऱ्याचे रक्षण करण्यात आपणही कमी पडलो. कॅथरिनवर आरोप ठेवला त्याच महिन्यात, २७ नोव्हेंबर २००३ रोजी, सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याचा गया येथे खून झाला. महामार्गाच्या कामातला गैरकारभार त्यांनी पंतप्रधानांच्या कचेरीला लिहून कळवला होता, आणि आपले नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. ते नाव गुप्त राहिले नाही. खुनाबद्दल पुढे तिघांना शिक्षा झाली. न्यायालयात तो लुटीसाठी झालेला खून ठरला. पण ज्या नावाची गुप्तता सरकारने राखायला हवी होती तीच राखली गेली नाही, ही खंत राहतेच. जागल्यांच्या रक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला, पण तो अंमलात आणण्याची अधिसूचना पुढे कित्येक वर्षे निघाली नाही.

शिक्षकहो, हा चित्रपट वरच्या वर्गांतल्या मुलांना दाखवता आला तर अवश्य दाखवा. नाही जमले, तर गोष्ट सांगा. मग मुलांना दोनच प्रश्न विचारा. तुम्ही त्या कचेरीत असता तर काय केले असते? आणि तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने हे केले असते, तर तुम्ही त्याच्याशी दुसऱ्या दिवशी बोलला असता का? पहिल्या प्रश्नाला मुले शौर्याने उत्तर देतील. दुसऱ्याला जरा थांबतील. त्यांना थांबू द्या, घाई करू नका. कारण हाळी देणारे थोडेच असतात, आणि तसे होणे प्रत्येकाच्या नशिबी नसते. पण हाळी ऐकल्यावर दार उघडायचे की कडी घट्ट लावून घ्यायची, हे तुम्हां-आम्हां सर्वांना ठरवावे लागते.